गुंडरेमिंगेनच्या ढालीवरचा अणू

दक्षिण जर्मनीत डॅन्यूब नदीच्या दक्षिणेला गुंडरेमिंगेन नावाचं गाव आहे. बव्हेरिया राज्याच्या श्वाबेन भागातलं, ग्युन्त्सबुर्ग जिल्ह्यातलं. वस्ती दीड हजाराच्या आसपास. जर्मनीतल्या बहुतेक गावांना असतं तसं या गावालाही स्वतःचं ढालचिन्ह आहे. अशी चिन्हं गावाच्या कचेरीवर असतात, सरकारी कागदांच्या माथ्यावर असतात, अग्निशमन दलाच्या गाडीच्या दारावर असतात, सणासुदीला झेंड्यावर फडकतात. बाकीच्या गावांच्या ढालींवर सिंह, गरुड, किल्ल्या, गिरणीची चाकं, नांगराचे फाळ असं काही ना काही दिसतं. गुंडरेमिंगेनच्या ढालीवर अणू आहे.

तोच अणू, जो आपण शाळेच्या पुस्तकात पाहिलेला असतो: मध्ये केंद्रक आणि त्याभोवती फिरणाऱ्या कक्षा. मध्ययुगातल्या सरदारांच्या युद्धातून जन्मलेल्या चित्रभाषेत विसाव्या शतकातलं हे चित्र येऊन बसलं आहे. पहिल्यांदा ते समजलं तेव्हा मला ते विचित्र वाटलं, नंतर धाडसाचं वाटलं. आता मला ते या देशातल्या सगळ्यात प्रामाणिक गावचिन्हांपैकी एक वाटतं. असं का वाटतं, ते नीट सांगायचं तर आधी गावांना ढाली आल्या कुठून, इथपासून सुरुवात करायला हवी.

ढालचिन्हांची प्रथा युरोपात बाराव्या शतकाच्या मध्यापासून दिसू लागते. शिरस्त्राणात चेहरा झाकलेला सरदार ओळखू यावा म्हणून ढालीवर ठळक चित्र. त्यातूनच नियम आले. सोनेरी आणि रुपेरी हे ‘धातू’. लाल, निळा, हिरवा, काळा हे ‘रंग’. धातूवर धातू ठेवायचा नाही, रंगावर रंग ठेवायचा नाही. लांबून, धुळीतून, घाईत पाहणाऱ्याला दिसलं पाहिजे, एवढाच त्यामागचा विचार. पुढे सरदारांची चिन्हं घराण्यांची झाली, बिशपांनी घेतली, मठांनी घेतली, शहरांनी आपल्या मोहरांवर कोरली.

खेडी या सगळ्यात फार मागे होती. खेड्यातला माणूस कुणाचा तरी कुळ होता, त्याला ढाल कुठली? तरीही नैर्ऋत्य जर्मनीतल्या खेड्यांनी स्वतःची एक खूण जपली होती, ती शिवेवरच्या दगडांवर. गावाची हद्द सांगणाऱ्या दगडावर नांगराचा फाळ, द्राक्षवेली छाटायचा वाकडा कोयता, घोड्याचा नाल अशी साधी खूण कोरलेली असे. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही कुठलं रान कुणाचं ते कळावं. पुढे त्या भागातल्या गावांनी ढालचिन्हं घेतली तेव्हा अनेकांनी याच खुणा उचलून ढालीवर ठेवल्या. मला या खुणा राजघराण्यांच्या सिंहांपेक्षा जास्त भावतात. सिंह या गावकऱ्यांनी कधी पाहिला नव्हता. छाटणीचा कोयता मात्र त्यांच्या हातात रोज होता.

खेड्यांच्या ढालींची खरी भरती आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आणि विसाव्या शतकात. नैर्ऋत्य जर्मनीतल्या बाडेनमध्ये कार्ल्सरूहेच्या राज्य अभिलेखागाराने 1895च्या सुमारास हे काम पद्धतशीर हाती घेतलं. गावाची जुनी मोहर शोधायची, ती सापडली नाही तर जुना धनी कोण होता ते पाहायचं, आणि त्यावरून चिन्ह सुचवायचं. बव्हेरियात ऑटो हुप नावाचा चित्रकार होता. 1859 साली जन्मलेला आणि 1949 साली गेलेला हा माणूस आयुष्यभर जर्मन शहरं, बाजारपेठा आणि खेडी यांची चिन्हं गोळा करत, तपासत, रेखाटत राहिला. त्याची रेखाटनं घरोघरी पोचवली ती एका कॉफी कंपनीने. ब्रेमेनच्या काफे हागने कॉफीबरोबर ढालचिन्हांची छोटी रंगीत तिकिटं द्यायला सुरुवात केली आणि ती चिकटवायचे अल्बम काढले. ज्या गावांची नावंही कुणी ऐकली नव्हती त्यांच्या ढाली मुलं स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ओळीने चिकटवत होती. इतिहास लोकांपर्यंत नेण्याची इतकी सुंदर तऱ्हा मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

आजच्या बव्हेरियात गावाला नवं चिन्ह हवं असेल तर ग्रामसभेला मनाला येईल ते चित्र काढून चालत नाही. राज्याच्या अभिलेखागारांचं महासंचालनालय मसुदा तपासतं. इतिहासाला धरून आहे का, शेजारच्या कुणाच्या चिन्हाशी गल्लत होणार नाही ना, रंगांचे नियम पाळले आहेत का, हे सगळं पाहिलं जातं. ढालीवर अक्षरं नकोत, निसर्गचित्र नको, बारीक तपशील नकोत. या चाळणीतून जे उरतं ते दोनचार आकार आणि दोनतीन रंग. त्यात आठशे-हजार वर्षांचा इतिहास बसवायचा असतो.

ती वाचायला शिकलं की इथला प्रवासच बदलतो. ढालीवर वाकड्या मुठीचा धर्मदंड दिसला की समजावं, हे गाव कधी काळी मठाच्या मालकीचं होतं. आमच्या या श्वाबेनमध्ये एल्शिंगेन, रोगेनबुर्ग, वेटेनहाउझेन असे मोठे मठ होते. नेपोलियनच्या काळात, 1802-03मध्ये, त्यांच्या जमिनी राज्याने घेतल्या आणि त्यांची सत्ता एका फटक्यात संपली. निळे-पांढरे तिरके चौकोन म्हणजे बव्हेरियाचं विटेल्सबाख राजघराणं. पण ते चौकोनही मुळात त्यांचे नव्हेत, बोगेनच्या सरदारांचे. तो वंश 1242 साली खुंटला आणि जमिनीबरोबर चौकोनही विटेल्सबाखांकडे आले. नागमोडी पट्टा म्हणजे नदी किंवा ओढा. एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन हातोडे म्हणजे खाण.

आणि सहा आऱ्यांचं चाक म्हणजे माइन्त्स. मध्य जर्मनीत, थ्युरिंगियातल्या आइक्सफेल्डपर्यंत, हे चाक वारंवार भेटतं; कारण माइन्त्सच्या आर्चबिशपची सत्ता तिथवर होती. चाकाची गोष्ट अशी सांगतात की विलिगिस नावाचा आर्चबिशप चाकं बनवणाऱ्या सुताराचा मुलगा होता. दरबारातल्या उमरावांनी त्याला हिणवण्यासाठी त्याच्या भिंतींवर खडूने चाकं काढली. त्याने ती पुसली नाहीत. उलट लाल जमिनीवर पांढरं चाक रंगवून घेतलं, आपण कुठून आलो ते रोज दिसावं म्हणून. विलिगिस खरा होता, 975 ते 1011 या काळात तो माइन्त्सचा आर्चबिशप होता. पण चाक त्यांच्या मोहरांवर दिसतं ते तेराव्या शतकापासून, म्हणजे तो जाऊन दोनशे वर्षं उलटल्यावर. म्हणून इतिहासकार ही गोष्ट बाजूला ठेवतात. ते बरोबरच आहे. तरी लोकांना ढालीकडून काय हवं असतं ते या गोष्टीतून कळतं. ढालीने आपलं मूळ लपवू नये अशी त्यांची इच्छा असते, ते मूळ सुताराच्या कार्यशाळेतलं असलं तरी.

हे सगळं मनात ठेवून पुन्हा गुंडरेमिंगेनकडे येऊ. या गावाला दाखवण्यासारखं जुनं काही नव्हतं असं मुळीच नाही. गावाजवळच्या ‘ब्युर्गले’ नावाच्या टेकाडावर उत्तर रोमन काळातला छोटा किल्ला होता. रोमन साम्राज्य आक्रसत गेलं तेव्हा डॅन्यूब ही पुन्हा सरहद्द झाली आणि तिच्यावर लक्ष ठेवायला अशी ठाणी उभी राहिली. 1920च्या दशकात तिथे उत्खनन केलं ते गेरहार्ट बेर्सू यांनी. मोठा पुरातत्त्वज्ञ, ज्यू वंशाचा म्हणून नाझी राजवटीने त्याला फ्रांकफुर्टच्या संस्थेतलं पद सोडायला लावलं. तो इंग्लंडला गेला, युद्धात त्याला शत्रुदेशाचा नागरिक म्हणून आइल ऑफ मॅनवर स्थानबद्ध केलं, आणि स्थानबद्धतेतही तो त्या बेटावर उत्खनन करत राहिला. गुंडरेमिंगेनच्या मातीशी जोडलेल्या माणसांत तो मला सगळ्यात जवळचा वाटतो, म्हणून हे थोडं आडवाटेचं सांगितलं.

तर रोमन किल्ला होता, नदी होती, शेती होती. तरीही ढालीवर अणू आला, कारण 1960च्या दशकात या गावाचं जगणंच पालटलं.

तो काळ समजून घ्यायला हवा, कारण आजच्या नजरेने तो दिसत नाही. डिसेंबर 1953मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी संयुक्त राष्ट्रांत ‘शांततेसाठी अणू’ हे भाषण केलं. हिरोशिमाला अजून दहा वर्षंही झाली नव्हती आणि जगाला सांगितलं गेलं की हीच शक्ती शेती, औषधं, वीज यांच्या कामी येईल. जर्मनांना ते ऐकायचंच होतं. अणूचं विभाजन बर्लिनमध्येच, 1938च्या डिसेंबरात, ओटो हान आणि फ्रित्स श्ट्रासमान यांच्या प्रयोगशाळेत सापडलं होतं. एप्रिल 1957मध्ये हान, हायझेनबर्ग यांच्यासह अठरा शास्त्रज्ञांनी ग्योटिंगेनहून जाहीर पत्रक काढलं: आम्ही अण्वस्त्रांच्या कामात भाग घेणार नाही, पण अणूच्या शांततामय वापराला सर्वतोपरी पाठिंबा देऊ. 1958मध्ये ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात लोहाच्या स्फटिकाची प्रचंड प्रतिकृती, आटोमियुम, उभी राहिली. अणूचं चित्र त्या वर्षांत आशेचं चित्र होतं.

म्युनिकच्या उत्तरेला गार्शिंग नावाचं गाव आहे. आता ते शहर आहे, तेव्हा खेडंच होतं. तिथे 31 ऑक्टोबर 1957 रोजी जर्मनीतली पहिली अणुभट्टी चालू झाली. वीज बनवणारी नव्हे, संशोधनाची. भौतिकशास्त्रज्ञ हाइन्त्स मायर-लाइब्नित्स यांच्या हाताखाली. ती ज्या घुमटात होती तो ॲल्युमिनियमचा, तीस मीटर उंच, अंड्याच्या आकाराचा. बटाट्याच्या शेतांच्या कडेला ते चकाकणारं अंडं पाहून लोकांनी त्याला ‘अणू-अंडं’ म्हणायला सुरुवात केली. 1967 साली गार्शिंगने आपल्या ढालचिन्हात हे अंडं घेतलं. भट्टी 2000 साली बंद झाली, घुमट संरक्षित वास्तू म्हणून उभा आहे आणि ढालीवरही आहे.

गार्शिंगचं अंडं विद्यापीठाचं होतं. गुंडरेमिंगेनचं प्रकरण वेगळं. इथे 1962च्या डिसेंबरात ज्याचं काम सुरू झालं ते जर्मनीतलं पहिलं मोठं व्यापारी अणुवीज केंद्र. उकळत्या पाण्याची अणुभट्टी, सुमारे 250 मेगावॉटची. आराखडा अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचा, बांधणी एईजी आणि होखटीफ या जर्मन कंपन्यांसह. ऑगस्ट 1966मध्ये तिच्यात साखळी प्रक्रिया सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस वीज बाहेर पडू लागली. जर्मनीत उद्योगांवरचा व्यवसाय कर गावाच्या तिजोरीत येतो. ज्या खेड्याच्या हद्दीत असं केंद्र उभं राहिलं, त्याच्या तिजोरीत काय फरक पडला असेल ते सांगायला नको. रस्ते, सभागृह, खेळाची मैदानं आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोकऱ्या. ज्यांचे वडील गाईगुरांच्या मागे होते, त्यांची मुलं नियंत्रण कक्षात बसू लागली.

मग ढालीवर काय यावं? मठांच्या गावांनी मठाचा दंड घेतला, कारण मठ त्यांना पोसत होता आणि त्यांच्यावर राज्यही करत होता. खाणीच्या गावांनी हातोडे घेतले. गुंडरेमिंगेनने त्याच न्यायाने अणू घेतला. ढालचिन्हांच्या जाणकारांना आधुनिक यंत्रसामग्री ढालीवर आवडत नाही. ती लवकर जुनी दिसते, असं ते म्हणतात, आणि एरवी मीही त्यांच्याच बाजूने बोलले असते. कारखान्यांची धुराडी, दातेरी चाकं, विमानं यांनी कित्येक ढाली बिघडवल्या आहेत. पण इथे गावाने यंत्र घेतलं नाही. त्याने एक कल्पना घेतली आणि ती ढालीच्या भाषेत चपखल बसते. कक्षांमध्ये फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनचं चित्र भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांच्या 1913 सालच्या प्रतिमानातून आलेलं. भौतिकशास्त्राने ते 1925-26मध्येच मागे टाकलं. अणू खरा तसा दिसत नाही. पण ढालीवरचा सिंहही खऱ्या सिंहासारखा कधी दिसला आहे? ढालीवर वस्तूची खूण असते, तिचं रूप नसतं. त्या अर्थाने बोरचा अणू सिंह आणि गरुडांच्या रांगेत हक्काने बसतो.

आता त्या खुणेखालचा कठीण भाग.

19 नोव्हेंबर 1975 रोजी गुंडरेमिंगेनच्या केंद्रात एका व्हॉल्व्हची दुरुस्ती चालू होती. तप्त वाफ बाहेर उसळली आणि काम करणारे दोन फिटर त्यात दगावले. जर्मन अणुवीज केंद्रातले हे पहिले मृत्यू. किरणोत्साराने झालेले नव्हते, वाफेने झालेले होते. पण ज्या घरांतून ते दोघं सकाळी निघाले असतील त्या घरांना या भेदाचा काय उपयोग.

त्यानंतर सव्वा वर्षाच्या आत, 13 जानेवारी 1977 रोजी, कडक थंडीत आणि दमट हवेत केंद्रातून वीज वाहून नेणाऱ्या उच्च दाबाच्या दोन तारांवर शॉर्ट सर्किट झालं. भट्टी आपोआप बंद झाली, तशी ती व्हायलाच हवी होती. पण त्या घाईत नियंत्रणात चुका झाल्या, भट्टीत गरजेपेक्षा जास्त पाणी ढकललं गेलं, दाब वाढला, आणि दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून किरणोत्सारी पाणी आणि वाफ भट्टीच्या इमारतीत शिरली. दहाएक मिनिटांत इमारतीत पाणी तीन मीटर चढलं आणि तिथलं तापमान ऐंशी अंशांपर्यंत गेलं. ती भट्टी त्या दिवसानंतर पुन्हा कधीच चालली नाही. दुरुस्ती आणि नव्या सुरक्षा नियमांचा खर्च परवडेना आणि अखेर तिला मोडीत काढायचं ठरलं. जर्मनीतल्या पहिल्या मोठ्या अणुवीज केंद्राचं आयुष्य जेमतेम दहा वर्षांचं ठरलं.

मी हा तपशील इतका सांगते, कारण गावाच्या ढालीकडे पाहताना तो सोडून देणं मला जमत नाही. ढालचिन्हं सहसा अभिमानाची मानली जातात. पण मठाच्या दंडाखाली वेठबिगारीही होती. खाणीच्या हातोड्यांखाली गाडली गेलेली माणसं होती. ती ढालीवर लिहिलेली नसतात आणि तरी त्या खुणेत सामील असतात. गुंडरेमिंगेनचा अणू वाचायचा तर त्यात ते दोन फिटरही वाचले पाहिजेत.

इथे मला तारापूर आठवतं आणि ते ओढूनताणून नाही. तारापूरची पहिली दोन केंद्रंही जनरल इलेक्ट्रिकचीच, उकळत्या पाण्याच्या भट्ट्यांच्या त्याच पहिल्या पिढीतली. ती 1969च्या ऑक्टोबरात चालू झाली, गुंडरेमिंगेननंतर तीन वर्षांनी. एकाच कारखान्याच्या विचारातून निघालेल्या भट्ट्या. एक डॅन्यूबकाठच्या खेड्यात, दुसऱ्या आपल्या कोकणकिनाऱ्यावर, मच्छीमारांच्या आणि वाडीवाल्यांच्या शेजारी. पुढे तिसऱ्या आणि चौथ्या केंद्रासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली गेली, लोक नव्या वसाहतींत गेले. तिथल्या घरांना, पाण्याला, मासेमारीला काय झालं यावर पुढे वर्षानुवर्षं भांडावं लागलं. गुंडरेमिंगेनला अणू आपल्या ढालीवर घ्यावासा वाटला, कारण कर त्याच्या तिजोरीत आला आणि गाव जागेवर राहिलं. अक्करपट्टीला जर कुणी खूण निवडायला सांगितली असती, तर तिथल्या लोकांनी काय निवडलं असतं? माझ्या मनात येतं ती त्यांची जुनी शीव. अणूचं चित्र दोन्हीकडे एकच असलं, तरी त्याचा अर्थ कर कुणाला मिळाला आणि जागा कुणाची गेली यावर ठरतो. गुंडरेमिंगेनबद्दल लिहिताना हे विसरून चालणार नाही असं मला मराठी माणूस म्हणून मनापासून वाटतं.

जुन्या भट्टीच्या शेजारी, तिच्या अपघातानंतर, दोन कितीतरी मोठ्या भट्ट्या उभ्या राहिल्या. प्रत्येकी 1,344 मेगावॉटच्या. दोन्ही 1984 साली सुरू झाल्या. त्यांचे दोन कूलिंग टॉवर 160 मीटर उंच होते. उल्म आणि आउग्सबुर्गच्या दरम्यान मोटरवेवरून जाताना ते लांबून दिसत आणि थंड सकाळी त्यांच्यावर वाफेचे पांढरे ढग उभे राहत. दोन वर्षांनी, 1986 साली, चेर्नोबिलचा ढग आला आणि पावसाबरोबर दक्षिण बव्हेरियावर उतरला. इथल्या जंगलातल्या काही रानडुकरांच्या मांसात आणि काही अळिंब्यांत त्यातलं सीझियम अजून सापडतं. या भागात अणूच्या विरोधातल्या माणसांची पिढी तिथून घडली. एकाच भागात, कधी एकाच घरात, केंद्रात नोकरी करणारा भाऊ आणि केंद्राविरुद्ध फलक घेऊन उभी राहणारी बहीण. 2011मध्ये फुकुशिमा झाल्यावर देशाने प्रत्येक भट्टी बंद करण्याची तारीख कायद्यात लिहिली. गुंडरेमिंगेनची एक भट्टी 31 डिसेंबर 2017 रोजी बंद झाली, दुसरी 31 डिसेंबर 2021 रोजी. 15 एप्रिल 2023 रोजी देशातल्या शेवटच्या तीन भट्ट्याही थांबल्या. आणि 25 ऑक्टोबर 2025 रोजी हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत गुंडरेमिंगेनचे दोन्ही कूलिंग टॉवर सुरुंगांनी पाडले गेले. क्षितिजावरून गावाची खूण गेली. ढालीवरची राहिली.

ती राहू द्यावी का, हा प्रश्न उघडच येतो. ढालचिन्ह बदलता येतं, गावाचा तो अधिकार आहे. आणि जर्मनीत चिन्हं बदलल्याचा इतिहास साधा नाही. उत्तर बव्हेरियातल्या कोबुर्ग शहराच्या ढालीवर शतकानुशतकं संत मॉरिसचं कृष्णवर्णीय शिर आहे. मॉरिस त्या शहराचा रक्षक संत. 1934 साली नाझींनी ते काढून टाकलं आणि त्या जागी मुठीवर स्वस्तिक असलेली तलवार आणली. त्यांच्या वंशवादात काळ्या संताला जागा नव्हती. 1945मध्ये मॉरिस परत आला. त्या चेहऱ्याच्या रेखाटनावर आजही वाद होतो, 2020मध्येही झाला, आणि तो व्हायलाही हवा. पण कोबुर्गवरून एक गोष्ट मला स्वच्छ दिसते: राज्यकर्त्याने लादलेली खूण काढणं वेगळं आणि आपणच निवडलेली खूण नकोशी झाली म्हणून काढणं वेगळं. तलवार लादलेली होती, ती गेली हे योग्य झालं. अणू गावाने स्वतः घेतला. त्याचे पैसे घेतले, त्याच्या नोकऱ्या घेतल्या, त्याची भीती सोसली, त्याचे मृत्यू पाहिले. आता देशाचं मत फिरलं म्हणून तो ढालीवरून पुसला, तर पुढच्या पिढीच्या हातात या साठ वर्षांचं काय उरेल? एक छान निळी नदी किंवा रोमन बुरूज?

माझं उत्तर स्पष्ट आहे. तो राहिलाच पाहिजे. अणुवीज हवी म्हणणाऱ्यांसाठी नव्हे आणि नको म्हणणाऱ्यांसाठीही नव्हे. माइन्त्सच्या आर्चबिशपचं राज्य 1803 साली संपलं, चाक अजून ढालींवर आहे. एल्शिंगेनच्या मठाची सत्ता गेली, तशा शेकडो मठांची गेली, त्यांचे दंड अजून ढालींवर आहेत. बोट्रॉपमधली देशातली शेवटची दगडी कोळशाची खाण 21 डिसेंबर 2018 रोजी बंद झाली, पण कोळशाच्या गावांनी आपले हातोडे उतरवले नाहीत. ढाली नेमक्या याच गोष्टी सांभाळतात, ज्या आता नाहीत पण ज्यांनी गावाला घडवलं.

इथवर लिहून मी थांबले असते. पण ही रांग अणूला पुरती लागू पडत नाही आणि ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. चक्की गेली की गिरणीचं चाक आठवण होतं. खाण बंद झाली की हातोडे आठवण होतात. गुंडरेमिंगेनमध्ये भट्ट्या थांबल्या, टॉवर पडले. पण वापरलेलं इंधन तिथेच आहे. केंद्राच्या आवारातच, जाड पोलादी पिंपांमध्ये, 2006 साली सुरू झालेल्या मध्यंतरीच्या साठवणगृहात. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला एका जर्मन नियतकालिकाने खुणा आणि त्यांचे अर्थ यांच्या अभ्यासकांना विचारलं होतं की दहा हजार वर्षांनंतरच्या माणसाला ‘इथे खणू नका’ हे कुठल्या खुणेने सांगायचं. त्यावर एकाने ज्ञान पुढे नेणाऱ्या पुरोहितांची परंपरा सुचवली, आणखी कुणी किरणोत्साराजवळ रंग बदलणाऱ्या मांजरी सुचवल्या. ढालचिन्हांची भाषा जेमतेम नऊशे वर्षांची आहे, तेव्हा एवढ्या लांबच्या माणसासाठी तिच्यावर भरवसा ठेवता येणार नाही. पुढच्या दोनचार पिढ्यांसाठी मात्र ती पुरेल. त्या साठवणगृहाला परवानगी चाळीस वर्षांची, म्हणजे 2046पर्यंतची आहे. कायम साठवणुकीची जागा 2031पर्यंत निवडायची असं कायद्यात लिहिलं होतं. 2022मध्ये ते काम करणाऱ्या सरकारी कंपनीने सांगितलं की निवड 2046 ते 2068च्या दरम्यान कधीतरी होईल, आणि त्यानंतर ती जागा खणून बांधायची आहे.